बोअर मारण्याचा निर्णय एकट्याचा नसावा

या उन्हाळ्यात आमच्या शिवारात बोअरच्या गाड्या रात्री-अपरात्री फिरत होत्या आणि त्यांतली एक आमच्याच वावरात उभी होती. पाचशे फुटांवर पाणी लागले, घरात सगळ्यांना हायसे वाटले आणि पंधरा दिवसांतच बांधापलीकडच्या चुलत्यांच्या विहिरीने तळ गाठला. दोन्ही गोष्टींचा संबंध कागदावर सिद्ध करता येणार नाही. पण काका एका शब्दानेही काही बोलले नाहीत, आणि तेच मला अधिक लागले.

तेव्हापासून हिवरे बाजार सारखे आठवते आहे. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या गावात वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, पुढे गाव आदर्श गाव योजनेत आले आणि चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान यांच्या जोडीने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, असेही गावाने ठरवले. पिण्याच्या पाण्यासाठी बोअर चालेल, पिकासाठी नाही. ऊस आणि केळीही बंद. ठिबक मात्र ठेवले, विहिरीवरची वीजमोटर ठेवली. म्हणजे त्या गावाला यंत्राचे वावडे नव्हते. यंत्र जुने की नवे हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही, ते कोणाच्या वाट्याचे पाणी ओढते, एवढेच पाहिले.

हा भेद मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पावसाचे पाणी मुख्यतः वरच्या मुरमाड, भेगाळलेल्या थरात साठते. खालच्या भेगांतले पाणी थोडे असते आणि ते पुन्हा भरायला फार काळ लागतो. विहिरीवर मोट गेली, इंजिन आले, मग वीजमोटर आली, उपसा वाढत गेला, तरी विहिरीत डोकावले की पाणी किती उरले ते कोणालाही दिसत होते आणि त्यावरून माणूस हात आखडता घेत होता. बोअरने हे दिसणेच काढून घेतले. सहा इंचांच्या भोकातून काय दिसणार? मोटर हवा ओढू लागते तेव्हाच संपल्याचे कळते, आणि मग आणखी दोनशे फूट खाली जाण्याचा विचार सुरू होतो.

हिवरे बाजारने ते दिसणे दुसऱ्या मार्गाने परत आणले. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी नोंदवायची, पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला ठेवायचे आणि उरलेल्यावर रब्बीत काय पेरायचे ते ठरवायचे. पाऊस कमी झाला तर पेरा कमी. बंदी टिकली ती या मोजमापामुळे, असे माझे ठाम मत आहे, कारण आपण नेमके काय सोडतो आहोत आणि त्याबदल्यात काय राखतो आहोत, हे प्रत्येकाला आकड्यांत दिसत होते.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ज्याची विहीर ओढ्याकाठी आहे, त्याला बोअरबंदी सोपी जाते. माळावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तीच बंदी अन्यायाची वाटू शकते, आणि ते चुकीचे नाही. म्हणून आधी किंवा निदान बरोबरीने समतल चर, बांधबंदिस्ती, पाझर तलाव ही कामे झाली पाहिजेत आणि वाढलेल्या पाण्यात माळावरच्या माणसाचा वाटा ठरला पाहिजे. त्याशिवाय घातलेली बंदी म्हणजे विहीरवाल्यांनी स्वतःसाठी केलेला नियम ठरेल.

कायदा आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने शेती व उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरी खोदण्यास मनाई केली आहे. आमचे बोअर त्याच्या दुपटीहून अधिक खोल आहे, हे लिहिताना मला लाज वाटते. मात्र रात्री येणारी गाडी तालुक्याच्या कचेरीला दिसत नाही. ती गावाला दिसते, म्हणून ती अडवण्याचा निर्णयही गावाचाच हवा.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे: शाळेत पर्जन्यमापक बसवावा, वेगवेगळ्या वस्त्यांवरच्या दहा विहिरींची पातळी दर महिन्याला फळ्यावर लिहावी आणि पहिला ताळेबंद होईपर्यंत शिवारात एकही नवे बोअर घेऊ नये. गावातल्या चालू बोअरची यादीही त्याच दिवशी सुरू व्हावी आणि तिच्यात पहिली नोंद आमच्या बोअरची व्हावी. भावाशी बोललो आहे; तो तयार आहे. काकांनाही सभेला बरोबर नेणार आहे.