टँकरचं बिल

घोडबंदर रोडवर घर घेतलं की दोन गोष्टी आपोआप तोंडपाठ होतात: गायमुखला आज किती ट्रॅफिक आहे आणि सोसायटीत किती टँकर आले. टँकरच्या बिलाची वाटणी आमचे खजिनदारकाका वहीत करायचे. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि मी ऐरोलीला सॉफ्टवेअर कंपनीत जातो एवढ्या भांडवलावर ते काम माझ्या गळ्यात पडलं.

"तुला काय रे, एआयला सांगायचं. पाच मिनिटांचं काम," सेक्रेटरी म्हणाले.

एआयमधले नावाजलेले संशोधक आंद्रे कार्पाथी यांनी २०२३ मध्येच म्हणून ठेवलंय, की सध्याची सगळ्यात जोरातली प्रोग्रॅमिंगची भाषा इंग्रजी आहे. मी मराठीतच टाइप केलं: 'टँकरचं बिल सगळ्यांत नीट वाटून दे.' चहा गाळेपर्यंत प्रोग्रॅम तयार. प्रत्येक फ्लॅटला समान रक्कम.

वन बीएचकेवाले खवळले. म्हणून माणशी वाटणी केली. आता नातवंडांची घरं खवळली. बाळंतपणाला आलेली लेक धरायची का, यावर कमिटीचा तासभर गेला. बाळ धरायचं का, यावर आणखी थोडा.

एआयला मात्र काहीही सांगा, 'उत्तम मुद्दा मांडलात!' ए विंगचं म्हणणं उत्तम आणि त्याच्या बरोबर उलटं बी विंगचं म्हणणंही उत्तम. इतका गोड माणूस आमच्या कमिटीवर आजवर निवडून आलेला नाही. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात अवघड असतं ते नेमकं काय बनवायचं हे ठरवणं, असं संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स १९८६ मध्ये लिहून गेले. आमची मीटिंग न बघता त्यांना हे कळलं, म्हणजे माणूस मोठाच.

शेवटी आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीचे नमुना नियम, काढले. त्यात पाण्याचं शुल्क फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि त्यांचा आकार बघून लावायचं, असं स्वच्छ लिहिलंय. घरोघर फॉर्म वाटले. बऱ्याच जणांनी नळांचा रकाना कोराच ठेवला. कोरा म्हणजे काय, हे कोणी बोललं नव्हतं. आपण जिथे गप्प बसतो तिथे एआय बऱ्याचदा मनानेच काहीतरी धरतो, आणि आपल्याला सांगतही नाही. त्याने शून्य धरलं. कोऱ्या फॉर्मवाल्यांना बिलही शून्य!

ही बातमी लिफ्टमधून वर जायला कितीसा वेळ लागतो? पुढच्या महिन्यात उरलेल्यांनीही 'नळ मोजताना गडबड झाली होती' असं कळवून आपापले रकाने कोरे करून घेतले. एकूण नळच शून्य, म्हणून प्रोग्रॅम बिलाला शून्याने भागायला गेला आणि आडवा झाला.

विषय सर्वसाधारण सभेत आला. मी म्हटलं, "नियम काय ठेवायचा तेवढं तुम्ही ठरवा, बाकी मशीन बघेल." सगळे पंख्याकडे बघायला लागले. मग सेक्रेटरींना सुचलं, "आपापसांत वाईटपणा कशाला? नियमही एआयच ठरवेल. सगळ्यांनी मान्य करायचा."

टाळ्या पडल्या. ठराव मांडला, अनुमोदन मिळालं. तेवढ्यात मागच्या रांगेतून बी विंगच्या काकू उठल्या.

"ठरवू दे की त्याला. पण त्याच्या घरी नळ किती आहेत, ते आधी लिहून घ्या."