‘उरलंसुरलं दिलं’ कसं म्हणू?

ब्रिटनमध्ये सॉफ्टवेअर कंपनी काढणाऱ्या आणि पुढे मोठ्या दात्या ठरलेल्या डेम स्टेफनी शर्ली यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आधी आभार. तुम्ही रागावला आहात, पण लेख शेवटपर्यंत वाचून रागावला आहात, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश असा: जिची आई ज्यू नव्हती तिला मी सरळ ज्यू करून टाकलं. कंपनीच्या शेअरवर कोट्यधीश झालेल्या बाईने उरलंसुरलं वाटलं, त्यात कौतुक कसलं? शिवाय तो पैसा गेला बहुतेक ऑटिझमवर (स्वमग्नतेवर), म्हणजे स्वतःच्याच मुलाच्या दुखण्यावर. याला समाजकार्य म्हणायचं का? आणि आपल्याकडे दाते काय कमी पडले, की इंग्लंडमधली बाई शोधावी?

पहिल्या मुद्द्यावर चूक माझी. ‘ज्यू आईवडिलांच्या पोटी’ असं मी लिहिलं होतं, ते बरोबर नाही. वडील आर्नोल्ड बुखथाल ज्यू होते, डॉर्टमुंडला न्यायाधीश होते. आई व्हिएन्नाकडची, ज्यू नव्हती. ज्यू धर्मशास्त्रात वंश आईकडून धरतात, तेव्हा तुमचं म्हणणं रास्त आहे. पण नाझींचा कायदा धर्मशास्त्र विचारत नव्हता, आजी-आजोबा कोण एवढंच बघत होता. वडिलांची नोकरी ज्यू म्हणून गेली, घर ज्यू म्हणून सुटलं, आणि १९३९च्या उन्हाळ्यात पाच वर्षांच्या व्हेराला (हे स्टेफनीबाईंचं जन्मनाव) नऊ वर्षांच्या बहिणीबरोबर व्हिएन्नाहून आगगाडीत बसवलं तेही त्याच कारणाने. किंडरट्रान्सपोर्ट म्हणतात ते हेच. साधारण दहा हजार मुलं आईवडिलांशिवाय ब्रिटनला पोचली, गळ्यात नंबराचं कार्ड अडकवून. त्या गाडीतल्या मुलीला ज्यू निर्वासित म्हणताना माझा हात अडखळत नाही. चुकलं ते आईबद्दलचं वाक्य.

आता उरलंसुरलं. हा शब्द मला खरंच लागला.

मध्य इंग्लंडमधल्या एका मूल नसलेल्या जोडप्याने या दोघी बहिणींना घरात घेतलं. नातं नाही, भाषा एक नाही. आईवडील सुदैवाने वाचले आणि पुढे भेटलेही, पण तुटलेला धागा पुन्हा जुळला नाही, असं स्टेफनीबाईंनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. परक्यांनी आपला जीव वाचवला, तेव्हा तो वाचवण्याच्या लायकीचा होता हे आयुष्यभर दाखवायचं, ही गाठ त्यांनी मनाशी तेव्हाच बांधली. तेव्हा खात्यात कोट्यवधी नव्हते, काहीच नव्हतं. मुलींच्या शाळेत वरचं गणित शिकवत नव्हते म्हणून त्यांनी मुलांच्या शाळेत जाऊन ते शिकून घेतलं. अठराव्या वर्षी टपाल खात्याच्या संशोधन केंद्रात नोकरी धरली आणि संध्याकाळचे वर्ग करत पदवी मिळवायला सहा वर्षं घालवली.

१९६२ साली सहा पौंडांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढली. जेवणाच्या टेबलावर. त्या काळी ब्रिटनमध्ये बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय बँकेत खातं उघडता येत नव्हतं, हे तुम्ही क्षणभर डोळ्यांपुढे आणा. ‘स्टेफनी शर्ली’ अशा सहीने पाठवलेल्या पत्रांना उत्तरंच येईनात, तेव्हा नवऱ्याने सुचवलं की ‘स्टीव्ह’ अशी सही करून बघ. उत्तरं यायला लागली. घरातून फोनवर बोलताना मागे मुलाचा आवाज येऊ नये म्हणून त्या टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावून ठेवत, ऐकणाऱ्याला भरल्या ऑफिसचा भास व्हावा म्हणून.

त्यांनी कामावर कोणाला घेतलं? लग्न झालं, मूल झालं म्हणून ज्यांची नोकरी सुटली होती अशा प्रोग्रॅमर बायकांना. पेन्सिल आणि कागद, आधी फ्लोचार्ट, मग ओळीओळीने कोड, आणि ते कागद टपालाने पंचिंगला, म्हणजे संगणकाच्या कार्डांवर भोकं पाडून घ्यायला, रवाना. पाळण्याशेजारी बसून हे चाले. पहिल्या ३०० जणांत २९७ बायका होत्या. कॉन्कॉर्ड या आवाजापेक्षा वेगवान विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग अशाच, आपापल्या घरी बसून काम करणाऱ्या बायकांनी केलं. मग १९७५ साली स्त्री-पुरुष भेदभाव बंदीचा कायदा आला आणि केवळ बायकांना घेणं बेकायदा ठरलं!

आणि इथे तुमच्या आक्षेपाचं उत्तर आहे. कंपनीची मालकी त्यांनी काम करणाऱ्यांकडे द्यायला घेतली. जवळजवळ पाव कंपनी कर्मचाऱ्यांच्या हातात गेली आणि त्याची झळ त्यांच्याशिवाय कोणालाच लागली नाही. पुढे कंपनी वाढली, बाजारात आली, तेव्हा त्यातले सत्तर जण दशलक्षाधीश झाले. स्वतःचं भरल्यावर सांडलेलं दिलं असतं तर तुमचा शब्द चालला असता. इथे ताट भरायच्या आधीच वाटणी झाली होती.

मुलाचा मुद्दा राहिला. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्यावर मला शांतपणे लिहिता येत नाही.

जाइल्स १९६३चा. कंपनी वर्षाची, तेव्हा हा जन्मला. गोड, निवांत बाळ. अडीच वर्षांचा झाला तेव्हा बोलायला शिकलेले शब्दही हरवले आणि ते परत आले नाहीत. तीव्र ऑटिझम, पुढे आकडीही. तो वाढत गेला तसा घरात सांभाळणं अशक्य झालं आणि त्याला मतिमंदांच्या मोठ्या रुग्णालयात ठेवावं लागलं. स्टेफनीबाई स्वतः कोलमडल्या. नंतर त्यांनी त्याला तिथून बाहेर काढलं, राहण्यासाठी घर उभं केलं, माणसं नेमली. त्यातून किंगवुड ही संस्था आली आणि तिच्या पहिल्या घरातला पहिला रहिवासी जाइल्सच होता. इथपर्यंत तुम्ही म्हणता ते खरं, आईने मुलासाठीच केलं.

पण जाइल्स गेला १९९८ साली, ३५ वर्षांचा, आकडीनंतर. बर्कशायरमधली प्रायर्स कोर्ट ही ऑटिझम असलेल्या मुलांची शाळा उघडली १९९९ साली. ऑटिझमवर संशोधन करणारी ऑटिस्टिका त्यानंतरची. ज्याला शाळेचा काही उपयोग नव्हता, जो राहिलाच नव्हता, त्याच्यासाठी शाळा काढली असं कसं म्हणणार? आपला चित्रसंग्रह त्यांनी देऊन टाकला, त्यातली चित्रं त्या शाळेच्या भिंतींवर लागली. मुलांनी चांगली चित्रं बघत वाढावं म्हणून. ऑक्सफर्डमधल्या इंटरनेट संस्थेला २००१ साली दिलेल्या मोठ्या देणगीचा तर ऑटिझमशी संबंधच नव्हता. एकूण दिलेली रक्कम ६ कोटी ७० लाख पौंडांच्या वर जाते.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा स्वमग्न आहे. तो सहा वर्षांचा असताना ताईबरोबर मी एका शाळेत गेले होते. प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये सगळे रिपोर्ट तारखेवार लावलेले. खिडकीमागच्या बाईंनी पहिलं पान पाहिलं, फाइल मिटली आणि ‘अशा मुलांची सोय आमच्याकडे नाही’ म्हणत काचेखालून परत सरकवली. ताईने रिक्षात बसल्यावर ती फाइल पुन्हा पहिल्यापासून लावली. एक पानही हललं नव्हतं, तरी लावली. त्या दिवसापासून ‘सोय नाही’ म्हणजे काय ते मला कळतं. जिथे जिथे सोय नाही असं दिसलं तिथे तिथे बाईंनी काहीतरी उभं केलं. आपल्या दुखण्यातून कळलं म्हणून ते काम लहान होतं, हे मला पटत नाही. दुसऱ्या कोणाला ते कळणार तरी कसं होतं?

हे सरकारचं काम आहे, असंही तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. आहेच. पण त्या वेळच्या सरकारी सोयीत जाइल्सच्या वाट्याला रुग्णालयाचा वॉर्ड आला होता.

आपल्याकडच्या दात्यांवर जरूर लिहीन. पुण्याचं ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभं राहिलं ते डेव्हिड ससूनही बगदादहून मुंबईत आलेले ज्यू होते, त्यांच्यापासून सुरुवात करता येईल. आणि ही बाई अगदीच परकी नाही. त्यांच्या कंपनीचंच नाव त्या निवृत्त झाल्यानंतर झान्सा झालं. पुण्यात तिचं ऑफिस होतं, तिथे काम केलेली माणसं आज पन्नाशीच्या आसपास असतील.

आईबद्दलचं वाक्य मूळ लेखात आजच बदललं आहे आणि खाली तारीख घालून तशी नोंदही केली आहे.