रँडी बास आणि ‘सोप्या बॉलिंगचं’ मिथक

“अमेरिकेत ज्याला कुणी विचारत नाही, तो जपानला जाऊन सोप्या बॉलिंगवर धो-धो होमरन मारतो.” हे वाक्य रँडी बास या अमेरिकी बेसबॉलपटूचं नाव घेऊन वर्षानुवर्षं फिरतंय. (होमरन म्हणजे चेंडू थेट कुंपणापार धाडणारा फटका.) ऐकायला खमंग आहे, पण आकड्यांपुढे टिकत नाही.

आधी ‘कुणी विचारत नव्हतं’ हे पाहू. १९७७ ते १९८२ या सहा हंगामांत बास पाच संघांकडून मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल स्पर्धा, खेळला. सामने १३०, सरासरी .२१२ (म्हणजे फलंदाजीच्या हजार संधींमागे २१२ यशस्वी फटके), होमरन ९. आकडे वाईटच. पण १३० सामने म्हणजे तिथला एक पुरा हंगामही नाही. मोसम १६२ सामन्यांचा असतो! मेजर लीगच्या एक पायरी खाली, डेन्व्हरकडून रोज खेळायला मिळालं तेव्हा १९८० साली त्यानेच ३७ होमरन मारले होते.

आता ‘सोपी बॉलिंग’. १९८६ मध्ये हानशिन टायगर्सकडून बासची सरासरी होती .३८९. जपानी व्यावसायिक बेसबॉलमधला हा विक्रम आजही कायम आहे. जपानचा नामवंत फलंदाज इचिरो यालाही तो मोडता आला नाही. २००० साली इचिरो .३८७ वर थांबला. तोच इचिरो पुढच्या वर्षी मेजर लीगमध्ये सिअ‍ॅटलला गेला आणि पहिल्याच हंगामात .३५० काढून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जपानी पिचर (चेंडू टाकणारे खेळाडू) एवढे लेचेपेचे असते, तर त्यांच्यावर पोसलेला फलंदाज अमेरिकेत आपटायला हवा होता. अमेरिकी फलंदाज सेसिल फील्डरचंही तेच: १९८९ मध्ये हानशिनकडून ३८ होमरन, पुढच्याच वर्षी डेट्रॉइटकडून ५१.

मैदान छोटं? कोशिएन या हानशिनच्या घरच्या मैदानावर तेव्हा मूळ सीमेच्या आत ‘लकी झोन’चं कुंपण होतं, हे मान्य. पण तिथला समुद्री वारा उजवीकडून डावीकडे वाहतो आणि बाससारख्या डावखुऱ्याचे उजवीकडे जाणारे उंच फटके अडवतो. बास चेंडू डावीकडे मारायला शिकला. शिवाय कुंपण जवळ आणल्याने सरासरी .३८९ कशी होते, ते सांगणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही.

१९८५ च्या हंगामाच्या अखेरीस बासचे ५४ होमरन झाले होते. जपानी फलंदाज सादाहारू ओह यांचा एका हंगामातला विक्रम होता ५५. शेवटचे सामने योमिउरी जायंट्सशी, आणि त्यांचे व्यवस्थापक खुद्द ओह. सोपी बॉलिंग सोडाच, जायंट्सच्या पिचरांनी त्याला मारता येईल असे चेंडूच जवळपास टाकले नाहीत. बास ५४ वरच राहिला.