ऑनर्स विथ रिसर्च, तेही जागेवरून न उठता

सर्वप्रथम अभिनंदन. सहा सेमिस्टर पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर राहिलात, म्हणजे पदवीच्या चौथ्या वर्षाला 'ऑनर्स विथ रिसर्च' (शोधप्रकल्पासह ऑनर्स) घ्यायला तुम्ही पात्र झालात. आता अडचण एकच. नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण महाराष्ट्रातल्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ला आलं आणि संलग्न कॉलेजांत त्याच्या पुढच्या वर्षी, त्यामुळे ज्यांच्या जुन्या फाइली ढापाव्यात असे सीनियर तुम्हाला नाहीत. पहिल्या बॅचचे हे हाल बघवत नाहीत. म्हणून मी, नुकताच एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या फील्ड प्रोजेक्टांचा एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) म्हणून जाऊन आलेला अर्थशास्त्राचा मास्तर, मार्गदर्शनाला स्वतःहून पुढे आलो आहे. मानधन नको. तिकडचं प्रवासभत्त्याचं बिल मंजूर झालं तरी भरून पावलो.

विषयापासून सुरुवात करू. विषय असा हवा की शीर्षक वाचलं की निष्कर्ष कळला पाहिजे. 'अमुक तालुक्यातील तमुक शेतकऱ्यांच्या समस्या : एक चिकित्सक अभ्यास' या साच्याने आजवर कोणाला दगा दिलेला नाही. तालुका आणि पीक भरा, झालं. उद्दिष्टं दोन ठेवा. समस्यांचा अभ्यास करणे आणि उपाययोजना सुचवणे. गृहीतक लिहा, 'शेतकऱ्यांना समस्या आहेत.' मग साठ पानं टाइप करून शेवटी जाहीर करा की गृहीतक सिद्ध झालं. टाळ्या.

गाइड निवडताना ज्यांच्या गळ्यात आधीच अर्धा वर्ग आहे, ते धरा. तासिका तत्त्वावरचे मिळाले तर सोन्याहून पिवळं. त्यांना दुसऱ्या कॉलेजचा तास गाठायचा असतो, त्यामुळे सही एसटी स्टँडवरसुद्धा मिळते.

प्रस्तावना चॅटजीपीटीकडून घ्या. फक्त वरचं 'नक्कीच! खाली तुमच्या प्रकल्पासाठी प्रस्तावना दिली आहे' हे वाक्य तेवढं खोडा. राहिलं तरी फार बिघडत नाही. गाइडनी वाचलं नव्हतं, विभागप्रमुखांनी वाचलं नव्हतं. मी वाचलं, पण मी बाहेरचा माणूस.

संदर्भसूची लांब ठेवा, पुस्तकं लायब्ररीत असली पाहिजेत अशी अट नाही.

बाइंडिंग काळं, अक्षरं सोनेरी. यावर तडजोड नको. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, अंतर्गत परीक्षक जे प्रश्न विचारतात त्यांतला निम्मा भाग प्रमाणपत्राच्या पानाचा असतो. शिक्का गोल आहे की चौकोनी, सही शिक्क्यावर आली की शिक्क्याखाली. मी होतो त्या दिवशी एका मुलीला केवळ यासाठी परत झेरॉक्सवाल्याकडे धाडलं. तिच्या प्रोजेक्टमध्ये पाचवं प्रकरण नव्हतं, चौथ्यानंतर थेट सहावं. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

आभार मात्र मनापासून माना. आई-वडील, प्राचार्य, ग्रंथपाल, आणि 'ज्यांनी आपला अमूल्य वेळ देऊन प्रश्नावली भरून दिली ते सर्व शेतकरी बांधव'.

आता त्या बांधवांविषयी.

प्राथमिक माहिती गोळा करण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो, असा एक गैरसमज जुन्या लोकांनी पसरवून ठेवला आहे. नमुना ५०चा घ्या. पन्नासच का, ते विचारू नका. पन्नास घेतले की एक माणूस म्हणजे दोन टक्के, कॅल्क्युलेटर लागत नाही. गूगल फॉर्म बनवा आणि लिंक ग्रुपवर सोडा, 'भावांनो भरा रे पटकन, उद्या सबमिशन आहे'. भरणारा शेतकरीच हवा असं काही नाही. अशी एक लिंक फिरत फिरत माझ्या मेहुणीपर्यंत पोचली. ती मुलुंडला चौथ्या मजल्यावर राहते. 'आपल्याकडे (कांदा साठवण्यासाठी) कांदाचाळ आहे का?' या प्रश्नाला तिने 'हो' केलं, कारण रिकामं सोडलं तर फॉर्म पुढे सरकत नव्हता. कुठल्या तरी प्रोजेक्टात मुलुंडची ती कांदाचाळ आज दोन टक्के धरून बसली आहे.

लिंक फिरवायचाही कंटाळा असेल तर सगळे फॉर्म स्वतःच भरा. मी तपासायला गेलो होतो त्यातला एक प्रोजेक्ट याचा उत्तम नमुना होता. विषय निफाड तालुक्यातल्या कांदा उत्पादकांचा. परिशिष्टात फॉर्मची सगळी शीट छापून जोडलेली, बहुधा पानं वाढावीत म्हणून. पण पहिल्या रकान्यातला टाइमस्टॅम्प काढायचा राहून गेला. पहिल्या शेतकऱ्याने उत्तरं दिली रात्री ११ वाजून ४१ मिनिटांनी, पन्नासाव्याने १२ वाजून ९ मिनिटांनी. म्हणजे ऐन काढणीच्या दिवसांत, मजूर मिळत नाहीत म्हणून माणसं रडकुंडीला आलेली असताना, तालुक्यातले पन्नास कांदेवाले मध्यरात्री एकामागोमाग एक मोबाइल घेऊन बसले आणि अठ्ठावीस मिनिटांत मोकळे झाले. त्यांतल्या एकाचं वय १९ आणि शेतीचा अनुभव ३० वर्षं. 'इतर अडचणी' या प्रश्नाला शेवटच्या पंधरा जणांचं उत्तर एकच, टिंब. पाय चार्टची बेरीज १०४.

जरा हिशेब करा, अर्थशास्त्राचेच आहात. फील्ड प्रोजेक्टला दोन क्रेडिट. अशा कामाच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे ६० तासांचं काम. सर्वेक्षण उरकलं २८ मिनिटांत. चौथ्या वर्षाचा शोधप्रकल्प १२ क्रेडिटांचा आहे, सातव्या सेमिस्टरला ४ आणि आठव्याला ८. म्हणजे ३६० तास. याच वेगाने गेलात तर सगळ्या ऑनर्सचं फील्डवर्क एका सिनेमाच्या वेळात आटोपेल. इंटरव्हलसकट.

त्या निफाडच्या प्रोजेक्टचे निष्कर्षही ऐकून घ्या. 'कांद्याच्या भावात चढउतार होतात.' 'साठवणुकीच्या सुविधा अपुऱ्या आहेत.' 'शासनाने योग्य ते लक्ष द्यावे.' आणि अख्ख्या प्रोजेक्टमध्ये निर्यातबंदी हा शब्द नाही. एकदाही नाही! ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ८ डिसेंबरला थेट बंदी आली, बाजार समित्यांतले लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर उतरले. बंदी उठली ती ४ मे २०२४ला, तीसुद्धा टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि तेच ४० टक्के शुल्क मागे ठेवून. लासलगावचं नाव सगळ्या देशाच्या बातम्यांत होतं. आणि कांद्यावरचा प्रोजेक्ट म्हणतो, भावात चढउतार होतात. वा! पावसाळ्यात पाऊस पडतो, हेही घालायचं होतं.

तर मी त्या मुलाला विचारलं, घरी काय असतं?

"शेती आहे सर. कांदाच."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. चाळ आहे का म्हटलं. आहे म्हणाला. मागच्या उन्हाळ कांद्याला घट किती आली?

आणि पोरगं बोलायला लागलं. तोवर पीपीटीवरचं वाक्य वाचताना अडखळत होता, तो एकदम सुटला. "सर, साठ क्विंटल टाकला होता चाळीत, विकायला काढला तर चाळीसच्या आत भरला. मध्ये अवकाळी झाला ना, कांदा ओला भरला गेला. खालच्या थराला काजळी आली, वरच्याला कोंब फुटले. पत्ती सुटली की व्यापारी हात लावत नाही. आप्पा म्हणत होते ऑगस्टमध्ये थोडा काढू, पण शेजारच्यांनी नाही काढला म्हणून आम्ही पण थांबलो. मग सगळ्यांनी एकदमच काढला." पिकअपला भाडं किती पडतं, लासलगावला न्यायचा की पिंपळगावला ते कशावरून ठरतं, गोल्टी, म्हणजे बारका कांदा, वेगळी का काढतात, सगळं तोंडपाठ. शेवटी म्हणाला, "आप्पा सगळ्या पट्ट्या ठेवतात सर, पिशवीत. मी शाळेत होतो तेव्हापासूनच्या आहेत."

पट्ट्या! म्हणजे कांदाविक्रीच्या हिशेबाच्या पावत्या. तारीख, वजन, भाव, हमाली, तोलाई, वाराई, हातात पडलेली रक्कम. एका कुटुंबाचा कित्येक वर्षांचा लेखी हिशेब. पीएच.डी. करणारे यासाठी महिनोन्महिने दारं झिजवतात आणि माणसं दाखवत नाहीत. याच्या घरी ती पिशवी खुंटीला टांगलेली आहे, आणि हा रात्री पावणेबारा वाजता अंथरुणात बसून पन्नास खोटे शेतकरी जन्माला घालत होता.

हे सगळं प्रोजेक्टमध्ये का नाही रे, म्हटलं.

"सर, त्याला संदर्भ नाही ना. आणि गाइड सर म्हणाले, घरचं लिहायचं नसतं."

मी शेजारी बसलेल्या गाइडकडे पाहिलं. ते मोबाइलवर दुसऱ्या कॉलेजची हजेरी भरत होते.

इथून पुढे उपरोध जमणार नाही मला, माफ करा.

मुलांनो, तुम्ही आळशी आहात असं म्हणून मी हा विषय सोडून देणार होतो, पण ते खरं नाही. हा मुलगा आळशी नव्हता. त्याला चाळीतला कांदा कळतो, बाजार कळतो, शेजाऱ्याकडे बघून आपण थांबलो आणि त्यात मार खाल्ला हेसुद्धा कळतं. अर्थशास्त्रात यावर मोठमोठे सिद्धान्त आहेत, त्याने ते घरी भोगले आहेत. पण आपल्याला जे माहीत आहे ते 'रिसर्च' नसतं, इंग्रजी पुस्तकातून उचललेलं तेवढंच रिसर्च, हे कोणीतरी त्याच्या डोक्यात पक्कं बसवलं आहे. कोणी? आम्हीच, मास्तर मंडळींनी. प्रश्नावली गाइडने एकदा जरी वाचली असती, तरी 'आपणांस समस्या आहेत का? हो / नाही' हा प्रश्न तिथेच कापला गेला असता. कापला नाही, सही केली. सही करायचे पैसे मिळत नाहीत हे मला माहीत आहे. जागा भरल्या जात नाहीत, तासाच्या पैशांवर माणसं चार-चार कॉलेजं करतात, मेपर्यंतचं मानधन दिवाळीला येतं, हेही माहीत आहे. ज्यांनी शिक्षक न भरता चौथं वर्ष काढलं आणि त्याला रिसर्च म्हटलं, त्यांना लाज वाटायला हवी. पण मुलाने सांगितलेलं घरचं खरं कापून तिथे खोटे पन्नास फॉर्म चालवून घ्यायला कुठल्याही शासन निर्णयाने सांगितलेलं नाही. ते आपलं आपण करतो.

१९१७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास छापला. परका माणूस, सोबत कॉलेजातली माणसं. कुणाची जमीन किती तुकड्यांत, कुणावर कर्ज किती, कुठल्या घराचं शेतीत भागतं आणि कुठल्याचं नाही, हे घरोघर विचारून मांडलं. आज त्या गावात टॉवर आहेत. शेत शोधायला गेलात तर वॉचमन रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावेल. तरीही शंभर वर्षांपूर्वीचं ते गाव काय खात होतं, काय देणं लागत होतं ते आपल्याला कळतं. निफाडच्या कांदेवाल्याचं २०२३ साली काय झालं हे कोणाला शोधायचं असेल, तर त्याला तुमच्या काळ्या बाइंडिंगात काय सापडणार आहे? टिंब?

आणि हे इथे थांबत नाही. चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एम.ए. एका वर्षात होतं. पंच्याहत्तर टक्के असतील तर यूजीसीच्या २०२२च्या नियमांनी पीएच.डी.चं दार थेट उघडतं. म्हणजे आज रात्री बारा वाजता पन्नास शेतकरी बनवणारा, उद्या पाचशे बनवणार. परवा तो गाइड होणार. त्याच्या आकडेवारीवर कोणी योजना आखेल, आणि त्याच्याच आप्पांच्या चाळीला अनुदान कमी पडेल. त्या दिवशी त्याला आठवायचंही नाही की हे टक्के कुठून आले होते.

म्हणून साध्या शब्दांत सांगतो. पंच्याहत्तर टक्के पडले म्हणून ऑनर्स विथ रिसर्च घेऊ नका. काही जाणून घ्यायची आच नसेल तर संशोधनाशिवायचं ऑनर्स आहे, प्रकल्पाऐवजी जास्तीचे पेपर द्या, मान खाली घालायचं कारण नाही. आणि रिसर्च घेतलाच, तर पन्नास नकोत, सात माणसं घ्या, पण खरी. त्यांच्या ओट्यावर बसा. चाळीत वाका, कांदा हातात घ्या. एकाच घरच्या पट्ट्या तारखेप्रमाणे लावल्यात तरी आठवं सेमिस्टर पुरणार नाही. गाइड 'घरचं लिहू नका' म्हणाले, तर का, म्हणून विचारा. तोंड आहे ना तुम्हाला? पाय चार्टची बेरीज शंभर येते की नाही तेवढं बघा. आणि ती लिंक माझ्या मेहुणीला पुन्हा पाठवू नका, ती या वेळी दोन चाळी लिहीन म्हणते आहे.