तिजोरी वन्यजीवांच्या बाबतीत कधीच तटस्थ नव्हती

नामशेष होत चाललेल्या प्राणी-पक्ष्यांवर सरकारने पैसा खर्च करू नये, असं सांगणारा एक मजकूर सारखा फिरत असतो. कधी चार ओळींचा, कधी लांबलचक, पण आशय तोच. प्रजाती येतात आणि जातात, तो निसर्गाचा क्रम आहे. करदात्याचा पैसा आधी माणसांच्या कामी यावा. इतका खर्च करूनही काही वाचत नाही. ज्यांना प्राण्यांचं प्रेम आहे त्यांनी आपल्या खिशातून द्यावं. आणि एवढं करून एखादी प्रजाती गेलीच, तर उद्या विज्ञान ती परत आणेल. हा मजकूर पुढे पाठवणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांना शाळा, दवाखाने, पिण्याचं पाणी यांची काळजी असते आणि ती रास्तच आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यावंसं वाटलं.

“नामशेष होणं हा निसर्गाचाच क्रम आहे”

पृथ्वीवर आजवर झालेल्या बहुतेक सगळ्या प्रजाती नष्ट झाल्या आहेत, हे खरं आहे. पण वाद आहे तो वेगाचा. जेरार्डो सेबायोस हे परिसंस्थाशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली पृष्ठवंशीय प्राण्यांचा हिशेब मांडला. आपल्यावर अतिशयोक्तीचा आरोप येऊ नये म्हणून त्यांनी नैसर्गिक ऱ्हासाचा दर मुद्दाम चढा धरला. तरीही निष्कर्ष असा निघाला, की गेल्या शंभरेक वर्षांत जितक्या प्रजाती गेल्या, तितक्या जायला नैसर्गिक वेगाने, प्राणिवर्गानुसार, ८०० ते १०,००० वर्षं लागली असती. कारणंही गूढ नाहीत. तोडलेली जंगलं, बेसुमार शिकार, जहाजांतून बेटांवर पोचलेले उंदीर आणि मांजरं, आणि विषारी रसायनं.

त्या मजकुरात एक गोष्ट कधीच येत नाही. या ऱ्हासात सरकारी पैसाही ओतला गेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर थायलसिन नावाचा प्राणी होता. पाठीवर पट्टे, तोंडवळा कुत्र्यासारखा, पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढवणारा. तो मेंढ्या मारतो अशी ओरड झाली, आणि १८८८ ते १९०९ या काळात तिथल्या सरकारने मारलेल्या प्रत्येक प्रौढ थायलसिनमागे एक पौंड आणि पिल्लामागे दहा शिलिंग इनाम दिलं. अशी २,१८४ इनामं सरकारी खजिन्यातून वाटली गेली. जंगलतोड झाली, रोगही आला असावा, पण बंदुकीच्या गोळीला दाम देणारं सरकारच होतं. पुढे १० जुलै १९३६ रोजी त्याच बेटावर थायलसिनला कायद्याचं संरक्षण मिळालं. ७ सप्टेंबर १९३६ रोजी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचा ज्ञात थायलसिन मेला. मधे फक्त ५९ दिवस.

तेव्हा “सरकारने या भानगडीत पडू नये” हे म्हणणंच चुकीच्या जागेवरून सुरू होतं. सरकारं या भानगडीत कधीचीच आहेत. धरणं, रस्ते, जंगल कापून काढलेली शेती, समुद्र उपसणाऱ्या बोटींच्या इंधनावरची सूट, या सगळ्यांत सार्वजनिक पैसा आहे. संरक्षणासाठी मागितलेला निधी म्हणजे आपणच केलेल्या नुकसानीची भरपाई आहे. ती दानधर्माच्या खात्यात टाकणं मला पटत नाही.

“आधी माणसं, मग जनावरं”

या मुद्द्यावर मला जास्त थांबायचं आहे, कारण मनाला भिडतो तो हाच.

दक्षिण आशियातली गिधाडं घ्या. १९९० च्या दशकात ती इतक्या झपाट्याने कमी झाली, की एके काळी थव्यांनी दिसणाऱ्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची संख्या भारतात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. वर्षानुवर्षं कारण कळेना. २००४ साली ते सिद्ध झालं. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तान यांनी जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली.

आता माणसांचं काय झालं ते पाहू. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडांच्या वस्तीचे जिल्हे आणि पूर्वीपासूनच गिधाडं नसलेले जिल्हे यांची तुलना केली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा अंदाज असा, की गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसांचे जादा मृत्यू झाले, आणि त्याचं आर्थिक नुकसान वर्षाला सुमारे ६९ अब्ज डॉलर इतकं होतं. मेलेलं ढोर गिधाडांचा थवा तासाभरात साफ करी. तो नाहीसा झाल्यावर सांगाडे कुजत पडले, भटकी कुत्री वाढली, रेबीजचा धोका वाढला, घाण पाण्यात उतरली. गिधाडांना आणि गुरांना दोघांनाही चालणारं मेलॉक्सिकॅम हे औषध उपलब्ध होतं. रोगाचं कारण शोधायला, औषध बदलायला, प्रजनन केंद्रं चालवायला लागणारा पैसा आणि हे नुकसान, यांची तुलनाच होत नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. तिथे बुरशीच्या एका रोगाने वटवाघळं मेली. वटवाघळं रात्रभर शेतातले कीटक खातात. ती गेल्यावर शेतकऱ्यांनी कीटकनाशकं सुमारे ३१ टक्के जास्त फवारली, आणि त्या तालुक्यांत बालमृत्यूंचं प्रमाण जवळपास आठ टक्क्यांनी वाढलं, असं फ्रँक यांच्याच २०२४ च्या दुसऱ्या अभ्यासात आढळलं. म्हणजे ज्या दवाखान्यासाठी पैसा वाचवायचा म्हणतो, त्याच दवाखान्यात पेशंट वाढतात.

पण सगळा युक्तिवाद उपयोगावर उभा करणं मला मान्य नाही. न्यूझीलंडचा काकापो हा न उडणारा पोपट उद्या संपला, तर कुणाचं पाणी दूषित होणार नाही की कुणाचं पीक बुडणार नाही. तरी तो राखायला हवा. जुनी लेणी, ताम्रपट, शिलालेख आपण सरकारी खर्चाने जपतो. त्यांतून उत्पन्न किती, असं विचारून नाही, तर एकदा फुटलं की पुन्हा घडवता येत नाही म्हणून. जी गोष्ट सगळ्यांची आहे आणि पुन्हा घडणार नाही, ती राखण्याचं काम सगळ्यांच्या पैशाचं आहे. यात माणसांच्या विरोधात काय आहे?

“इतका खर्च करूनही काही वाचत नाही”

न्यूझीलंडच्या चॅटम बेटांवरचा ब्लॅक रॉबिन हा चिमुकला काळा पक्षी १९८० साली जगात पाच उरला होता. त्यांत अंडी घालून पिल्लं देणारी मादी एकच. पायातल्या निळ्या कड्यामुळे तिचं नाव पडलं ‘ओल्ड ब्लू’. सरकारी वन्यजीव खात्यातल्या डॉन मर्टन यांच्या चमूने तिची अंडी काढून दुसऱ्या जातीच्या लहान पक्ष्यांच्या घरट्यांत उबवायला ठेवली, म्हणजे ती पुन्हा अंडी घालेल. ही युक्ती लागू पडली. आज हे पक्षी अडीचशेच्या आसपास आहेत, आणि ते सगळे त्या एका मादीचे वंशज आहेत. पगारी सरकारी माणसं वाऱ्यापावसात त्या बेटांवर राहिली नसती, तर ही जात राहिली नसती.

एका पक्ष्यावरून निष्कर्ष काढू नये, हे मान्य. म्हणून मोठे हिशेब पाहा. १९९३ पासून संरक्षणाच्या कामामुळे पक्षी आणि सस्तन प्राणी मिळून २८ ते ४८ प्रजाती नामशेष होण्यापासून वाचल्या, असं २०२० च्या एका अभ्यासात दिसलं. १०९ देशांच्या आकडेवारीवरून २०१७ साली असं आढळलं, की १९९६ ते २००८ दरम्यान संवर्धनावरच्या खर्चाने जैवविविधतेचा ऱ्हास प्रत्येक देशात सरासरी २९ टक्क्यांनी कमी झाला. अमेरिकेत १९६३ साली बाल्ड ईगल या गरुडाच्या घरटी करणाऱ्या ४१७ जोड्या उरल्या होत्या. डीडीटी या कीटकनाशकावर बंदी आली, पक्ष्याला कायद्याचं संरक्षण मिळालं, त्यासाठी निधी मिळाला, आणि २००७ साली तो संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला.

अपयशं आहेत. ओमानमध्ये अरबी ओरिक्स हे हरणासारखे प्राणी पुन्हा रानात सोडले, पण चोरट्या शिकारीने आणि अभयारण्याचं क्षेत्र ९० टक्क्यांनी घटवल्याने तो प्रयत्न ढासळला, आणि २००७ साली त्या जागेचा जागतिक वारसा दर्जा गेला. कॅलिफोर्निया कॉन्डॉर हे गिधाडासारखे पक्षी १९८२ च्या बावीसवरून पाचशेच्या वर गेले, तरी शिकारीच्या गोळ्यांतलं शिसं पोटात जाऊन ते आजही मरतात. मूळ कारण तसंच राहिलं, तर पैसा झिरपत राहतो. ही टीका मी मान्य करतो, पण ती खर्च कसा करावा यावरची टीका आहे.

सगळ्यात महाग पडतो तो उशीर. ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस आयलंडवरचं इवलंसं पिपिस्ट्रेल वटवाघूळ घटत चाललंय, असं शास्त्रज्ञ कित्येक वर्षं सांगत होते. ती पकडून प्रजनन करण्याची परवानगी सरकारने दिली जुलै २००९ मध्ये. पथक पोचलं तेव्हा एकच वटवाघूळ आढळत होतं, आणि ते जाळ्यात आलं नाही. २६ ऑगस्ट २००९ च्या रात्री यंत्रावर त्याचा आवाज शेवटचा नोंदला गेला. “काही वाचत नाही” म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण खर्च वाया गेल्याचं म्हणून देऊ नये. इथे खर्च वेळेवर झालाच नव्हता.

“ज्यांना प्रेम आहे त्यांनी द्यावं”

देणगीदारांनी मोठी कामं केली आहेत. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावरचे उंदीर संपवण्याची मोहीम प्रामुख्याने देणग्यांवर चालली, आणि २०१८ साली ते बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. पण तिथे कायमची मानवी वस्ती नाही. जिथे शेकडो जमीनमालक आहेत, बंदर आहे, कारखाने आहेत, तिथे औषधावर बंदी घालणं, बंदरावर तपासणी ठेवणं, नदीत पाणी सोडायला लावणं, हे कुठल्याही संस्थेच्या हातात नसतं. शिवाय हे काम तीस-चाळीस वर्षांचं असतं, आणि देणग्या तितकी वर्षं टिकून राहत नाहीत.

आणखी एक. देणगी जाते देखण्या प्राण्याकडे. बेडूक, गोगलगाय, गवत यांच्यासाठी कोण खिशात हात घालतो? खरं तर सरकारंही याच चुकीत सापडतात. अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत निम्म्याहून अधिक वनस्पती आहेत आणि निधीतला त्यांचा वाटा पाच टक्क्यांच्याही खाली आहे. फरक इतकाच, की सरकारला याचा जाब विचारता येतो.

“विज्ञान परत आणेल”

स्पेनच्या डोंगरांतला बुकार्डो हा रानबोकड ६ जानेवारी २००० रोजी संपला. शेवटच्या मादीच्या जपलेल्या पेशींपासून २००३ साली तिचा क्लोन, म्हणजे हुबेहूब जनुकीय प्रत, जन्माला घातला. फुप्फुसातल्या दोषामुळे तो काही मिनिटांतच मेला. समजा, उद्या तंत्र सुधारलं. तरी त्या प्राण्याला राहायला डोंगर आणि खायला चारा लागेलच, आणि तेवढं राखणार असू, तर आत्ताच का नाही?

“पैसा आणायचा कुठून?”

मोजका पैसा असेल, तर कुठल्या प्रजातीसाठी किती खर्च आणि यशाची शक्यता किती, हे मांडूनच तो वाटावा. न्यूझीलंडने असं गणित केलं आहे. मला त्यात काही वावगं वाटत नाही. मात्र एकूण रक्कम छातीत धडकी भरेल अशी नाही. जगभरातली महत्त्वाची नैसर्गिक ठिकाणं राखायला वर्षाला सुमारे ७६ अब्ज डॉलर लागतील, असा अंदाज २०१२ साली मांडला गेला होता. जगातले लोक शीतपेयांवर वर्षाला जे खर्च करतात, त्याच्या वीस टक्क्यांपेक्षाही तो कमी होता.

आणि नवा कर बसवण्याआधी जुना खर्च तपासता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला झालेल्या जैवविविधता करारात सरकारांनी दोन आकडे मान्य केले आहेत. २०३० पर्यंत निसर्गासाठी सर्व मार्गांनी वर्षाला किमान २०० अब्ज डॉलर उभे करायचे, आणि निसर्गाला मारक ठरणारी अनुदानं वर्षाला किमान ५०० अब्ज डॉलरनी घटवायची. दुसरा आकडा पहिल्याच्या अडीचपट आहे. करदात्याच्या पैशाची खरोखर काळजी असेल, तर तो मजकूर पुढे पाठवण्याआधी आपल्या सरकारच्या अंदाजपत्रकातली निसर्गाला मारक अनुदानांची यादी मागावी.