आम्ही काय कमी मार खाल्ला?

नात्यातला एक मुलगा पुण्यात नैराश्यावर उपचार घेतोय. डॉक्टरांनी त्याला लहानपणाबद्दल खोदून विचारलं आणि फॅमिली ग्रुपवर ठिणगी पडली. काका म्हणाले, "आम्ही काय कमी मार खाल्ला? आमचं काही बिघडलं का?" भाचीनं लिहिलं, "सगळं घरातूनच येतं."

मी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत राहते. या वादात हमखास पुढे केला जाणारा अभ्यास इथलाच. १९९५ ते ९७ दरम्यान कायझर परमनन्टे या आरोग्यविमा संस्थेच्या दवाखान्यात तपासणीला आलेल्या सतरा हजारांवर लोकांना व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी बालपणाबद्दल विचारलं: मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात दारूचं व्यसन, आईला होणारा मार. १९९८ साली पहिला निबंध आला. चार किंवा जास्त प्रकार भोगलेल्यांत दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका यातलं काहीच न भोगलेल्यांच्या चार ते बारा पट. यातले बहुतेक विमा असलेले, शिकलेले लोक, म्हणजे 'हे गरिबांच्या घरी चालतं' ही सबबही गेली.

काका धडधाकट राहिले, आनंद आहे. पण त्यांच्या वर्गातले जे मारापायी शाळा सोडून गेले, दारूपायी संपले, ते ग्रुपवर उत्तर द्यायला नाहीत.

भाचीचंही मला पटत नाही. धोका वाढला म्हणजे आजार होतोच असं नाही, आणि मार न खाता आजारी पडणारेही पुष्कळ. आईबापांना आरोपी करून अमेरिकेनं एकदा पाहिलंय. १९४८ मध्ये मनोविकारतज्ज्ञ फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी स्किझोफ्रेनियाचं खापर आईच्या वागण्यावर फोडलं. पुरावा नव्हता, तरी कित्येक आयांनी तो डाग वर्षानुवर्षं वागवला.

आता इथे बालरोगतज्ज्ञाकडे, मुलानं असं काय काय सोसलंय हे विचारणारा फॉर्म मिळतो. त्याच्या एका प्रकारात कोणत्या प्रश्नाला 'हो' ते सांगायचं नाही, फक्त एकूण 'हो' किती ते लिहायचं. मेडी-कॅल ही कॅलिफोर्नियाची सरकारी आरोग्य योजना २०२० पासून अशा तपासणीमागे डॉक्टरला २९ डॉलर देते. त्याच वर्षी खुद्द अँडा यांनी बजावलं, की हा आकडा एकट्यादुकट्याचं भविष्य सांगायला वापरू नका.

पुण्यातल्या डॉक्टरांनी विचारलं ते निवाडा करायला नव्हे. बालपणी छळ सोसलेल्यांचं नैराश्य पुन्हा पुन्हा उलटतं, उपचारांना दाद कमी देतं. तसा छळ झाला होता का, हे कळल्याशिवाय ते औषध आणि समुपदेशन ठरवणार कसं?

शुक्रवारी त्यांनी मुलाच्या आईवडिलांनाही बोलावलंय. दोघांनी जावं, हे काकांनीच त्यांना सांगावं, असं मी काकांना वेगळं लिहिलंय. त्यांचा शब्द घरात चालतो.