सिस्टरशी कसे बोलावे: रुग्णाच्या नातेवाइकांसाठी मार्गदर्शन

आपला माणूस पुण्यातल्या एखाद्या खासगी रुग्णालयात दाखल झाला, की त्याच्या प्रकृतीची चिंता डॉक्टर वाहतात, बिलाची चिंता विमा कंपनी वाहते (किंवा वाहत नाही), आणि नातेवाइकांच्या वाट्याला एकच कर्तव्य उरते, ते म्हणजे सिस्टरला तिची पायरी दाखवून देणे. आईबरोबर दोन खाटांच्या खोलीत राहण्याचा योग नुकताच आला आणि पडद्यापलीकडच्या कुटुंबाकडून ही विद्या अगदी जवळून पाहायला मिळाली. तिचा लाभ इतरांनाही व्हावा, म्हणून हा प्रपंच.

सिस्टरच्या ओळखपत्रावर तिचे नाव ठळक अक्षरांत असते. ते वाचू नये; ‘ओ बाई’ पुरते.

डॉक्टर राउंडला आले, की हात जोडून उभे राहावे आणि एकही प्रश्न विचारू नये. ते लिफ्टपर्यंत पोहोचले, की सिस्टरला गाठून ‘डॉक्टर काय म्हणाले, घरी कधी सोडणार, हे औषध कशाचे, ते बंद का केले’ असे सगळे एका दमात विचारावे. ‘ते डॉक्टरच सांगतील’ असे ती म्हणाली, तर तिला काहीच येत नाही असे मोठ्याने जाहीर करावे.

औषध देण्याआधी ती रुग्णाला नाव विचारते आणि मनगटावरच्या पट्टीवरचा क्रमांक केसपेपरशी ताडून पाहते. हा आपल्या घराण्याचा अपमान समजावा. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी दर वेळी तपासायला तिला शिकवलेले असते, हे खरे. पण आपल्याला ओळखत नाही म्हणजे काय?

बोलण्याचा सर्वोत्तम मुहूर्त मात्र ती दुसऱ्या रुग्णाचे औषध भरत असतानाचा. त्या दुपारी आईचे ताट येऊन ठेवलेले होते. जेवणाआधीचे इन्शुलिन द्यायला सिस्टर आली, तिने बोटाला सुई टोचून साखर मोजली आणि इन्शुलिन टोचायच्या पेनवर मात्रेचे युनिट लावायला घेतले, एवढ्यात पडदा सरकवून पलीकडचे चिरंजीव आत शिरले. त्यांच्या बाजूच्या एसीचा रिमोट चालत नव्हता. ‘पाच मिनिटांत येते’, एवढेच ती म्हणाली. ‘पाच मिनिटं म्हणजे? आम्ही फुकट राहतो का इथे?’ इथून सुरुवात होऊन ‘तुमच्या मॅनेजमेंटला बोलवा’ येथपर्यंत प्रकरण गेले, आणि मग खिशातून मोबाइल निघाला. ‘आता बोला, रेकॉर्ड होतंय.’ त्या चित्रीकरणात सिस्टरच्या मागे माझी आई होती, रुग्णालयाचा ढगळ गाऊन सावरत बसलेली. तिला कोणी विचारले होते का? सिस्टरला बाहेर बोलावून घेतले गेले, इन्चार्जने चिरंजीवांची माफी मागितली आणि तंत्रज्ञ आला. तोवर आई ताटावरचे झाकण उचलून पाही आणि परत ठेवी. सिस्टर परतली, तेव्हा तिने पेनचे चाक शून्यावर नेले, पुन्हा साखर मोजली आणि सगळे पहिल्यापासून केले, कारण अर्ध्यात तुटलेल्या कामात आठवणीवर विसंबून चालत नाही. इन्शुलिनची मात्रा जास्त गेली, तर साखर इतकी उतरू शकते की माणूस बेशुद्ध पडतो. ऐन पावसाळ्यात एसी वीस मिनिटे बंद राहिला म्हणून पुण्यात कोणी बेशुद्ध पडल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

लिफ्टशेजारी एक पाटी असते. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्राने २०१० साली कायदा केला, त्यात परिचारिकाही येतात, गुन्हा अजामीनपात्र आहे आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असे तिच्यावर लिहिलेले असते. आवाज चढवायचा तो तिच्याखालीच उभे राहून.

रात्री दोनला बेल दाबून उद्याच्या नाश्त्याला पोहे आहेत की उपमा, हे अवश्य विचारावे.

पुरे झाले. काही सिस्टर तुटक बोलतात, ‘आजी, सरका’ म्हणताना आजींच्या चेहऱ्याकडे पाहतही नाहीत, आणि ते मलाही खटकते. पण तिने तुमच्या वडिलांशी दोन शब्द निवांत बोलावे असे वाटत असेल, तर ते दोन शब्द बोलण्याइतकी उसंत तुम्ही तिला ठेवता का? चार वर्षे शिकून आलेल्या मुलीला तुम्ही रिमोटसाठी पळवता, तिच्या तोंडासमोर कॅमेरा धरता आणि वर ‘यांना बोलायचे वळण नाही’ म्हणता. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या दुकानदाराचे फटकारे तुम्ही मुकाट्याने ऐकून घेता, कारण तिथे गरज तुमची असते. इथे कोणाची असते? मजल्यावर सिस्टर कमी असतील, तर त्या नेमणे तिच्या हातात नाही. ज्यांच्या हातात आहे, ती मंडळी तळमजल्यावर बसतात. त्यांच्याकडे जाऊन ओरडा. पण तिथल्या बिलिंगच्या खिडकीशी तुमचा आवाज एकदम खाली येतो आणि तुम्ही म्हणता, ‘साहेब, काही कमी होईल का?’